गाळायचा शब्द

ही खुर्ची जरा डावीकडे कलते. दोन दिवस कंबर कुरकुर करील, मग सवय होते. पायाखालचं हे पेडल दाबलं की आवाज सुरू, सोडलं की बंद, आणि टाचेनं दाबलं की पाच सेकंद मागे. टाच जपून वापरा, माझ्याआधीच्या गृहस्थांनी दोन पेडलं मोडली होती. टेबलावरचा हा दिवा आपला. वरची ट्यूब साडेपाचला बंद करून जातात. बसा तुम्ही. चार्ज द्यायचा म्हणजे किल्ल्या द्यायच्या आणि सह्या करायच्या, एवढंच खरं तर. पण एक फाईल अर्धवट राहिली आहे, आणि ती का राहिली हे न सांगता तुमच्या गळ्यात मारणं बरं नाही.

एक विनंती. मी बोलत असताना मध्ये मध्ये हं, हं करू नका. मान हलवलीत तरी चालेल. उद्धटपणा समजू नका, का ते कळेलच.

आपलं काम तसं सोपं. वर सभागृहात समित्या बसतात, तासन्‌तास बोलतात, त्याचं रेकॉर्डिंग इथे येतं आणि आपण ते शब्दशः टाइप करतो. शब्दशः म्हणजे कितपत, ते त्या भिंतीवरच्या यादीत आहे. 'अं', 'म्हणजे', 'काय आहे की', 'बरं का', 'हं'. हे भरावाचे शब्द. हे गाळायचे. न गाळले तर एकेका सदस्याचं भाषण दुप्पट होतं, आणि छापून आल्यावर तो तुमच्यावर दात धरतो. बावीस वर्षांत मी लाखभर हं गाळले असतील. डाव्या रकान्यात वक्ता, उजव्या रकान्यात तो काय बोलला. प्रत्येकाचा माईक वेगळा आणि त्याची ध्वनिपट्टीही वेगळी, त्यामुळे कोण बोललं यावर वाद होत नाही. रकाना रिकामा ठेवायचा नाही, हा आपल्याकडचा पहिला नियम.

तर त्या अर्धवट फाईलमधली समिती. गाडी चालवताना फोनवर बोलण्यावर बंदी घालावी का, यासाठी बसवलेली. फोन हातात धरू नये, यावर नऊही सदस्यांचं वीस मिनिटांत एकमत झालं. भांडण होतं पुढच्या कलमावर. गाडीतल्या स्पीकरवर, हात न लावता बोललं तर चालेल का? त्यावर सात बैठका झाल्या. एक सदस्य होते, त्यांच्या स्वतःच्या मालवाहू गाड्या चालतात. मी मनातल्या मनात त्यांना हँड्सफ्री साहेब म्हणायचो. ते म्हणाले, "हात मोकळे आहेत ना माणसाचे? मग तोंड कशाला बांधता? उद्या शेजारी बसलेल्या बायकोशी बोलायलाही बंदी आणाल." सगळे हसले. मीही इथे बसून हसलो.

सदस्यांमध्ये एक डॉक्टर बाई होत्या. त्या म्हणाल्या, "बायकोला रस्ता दिसतो. वळण आलं की ती आपणहून गप्प बसते. फोनवरच्या माणसाला वळण दिसत नाही. तो बोलतच राहतो."

मला ते आवडलं नाही. का, ते सरळ सांगतो. माझी लेक लिफ्ट दुरुस्त करते. दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या त्या उभ्या विहिरीत लोंबकळत असते, आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास बायपासनं गाडी चालवत घरी येते. चाळीस मिनिटांचा रस्ता. तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. समोरासमोर आमचं फारसं जमत नाही. मी भाजीबद्दल विचारतो, ती फोनमध्ये डोकं घालते, मी बातम्या लावतो. पण गाडीत बसली की तिचा फोन यायचा. "निघाले बाबा. बोला." आणि मी बोलायचो. ऑफिसातल्या गमती, तिच्या आईच्या आठवणी, काहीही. चाळीस मिनिटं. ती हं म्हणायची आणि मी पुढे बोलायचो. दिवसभरात मी जिवंत असल्यासारखा तेवढाच वेळ असायचो, हे तुम्हाला सांगायला लाज वाटत नाही. तेव्हा हँड्सफ्री साहेब जिंकावेत असं मला मनापासून वाटत होतं.

पाचव्या बैठकीला बाहेरचे लोक बोलावले होते, ज्यांना काही सांगायचं असेल असे. त्यात एक बाई आल्या. वाचनालयात ग्रंथपाल होत्या, आता निवृत्त. आवाज हळू, पण प्रत्येक शब्द सुटा आणि स्वच्छ. टाइप करायला असा आवाज मिळाला की आपला दिवस बरा जातो.

त्यांचा मुलगा औषधांच्या दुकानांना माल पोचवायचा. परत येताना गाडीतल्या स्पीकरवरून आईला फोन लावायचा आणि म्हणायचा, सांग काहीतरी. त्या वाचनालयात वाचलेली एखादी गोष्ट सांगायच्या. लहानपणी त्याला झोपवताना सांगायच्या तशीच. तेव्हाही त्यांची एकच अट असे, हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की पोरगं झोपलं, की आईनं उठून कामाला लागायचं. मोठा झाल्यावरही त्यानं ती सवय सोडली नाही. प्रत्येक वाक्यानंतर हं.

"त्या दिवशी मी एक्केचाळीस मिनिटं गोष्ट सांगितली," बाई म्हणाल्या. "पूर्ण ऐकली त्यानं. एकही हुंकार चुकला नाही. नंतर पोलिसांनी सांगितलं की गाडी खांबाला धडकली ती आमचं बोलणं सुरू झाल्यावर आठव्या मिनिटाला. तो जागच्या जागी गेला होता."

सभापतींनी घसा साफ केला. म्हणाले, "बाई, वेळेच्या नोंदीत चूक असू शकते. किंवा गाडीजवळ जमलेल्या कुणीतरी..."

"माझ्या लेकराचा हुंकार मला कळतो," बाई म्हणाल्या. "मी इथे बंदी मागायला आले आहे. बाकी तुम्ही काय ते ठरवा."

मी टाइप करत होतो. आणि हे टाइप करताना माझ्या लक्षात आलं की बाईंच्या प्रत्येक वाक्यानंतर कुणीतरी हं म्हणतंय. आधी लक्षच गेलं नाही, कारण गाळायची सवय कानालाच लागलेली असते. बाई म्हणाल्या, मी ग्रंथपाल होते. हं. माझा मुलगा माल पोचवायचा. हं. तरण्या पुरुषाचा आवाज. थकलेला, पण लक्ष देऊन ऐकणारा. मी एकेक ध्वनिपट्टी बंद करून पाहिली. सभापतींची, डॉक्टर बाईंची, हँड्सफ्री साहेबांची. तो आवाज फक्त साक्षीदाराच्या माईकवर होता. तिथे त्या एकट्या बसल्या होत्या.

आपला आवाजवाला आहे ना, जो माईक लावतो, त्याला बोलावून ऐकवलं. त्यानं एक कान लावला, मग दुसरा लावला. "गळती असेल हो," म्हणाला. "एका माईकचा आवाज दुसऱ्यात गळतो कधी कधी." मी विचारलं, पहिल्या माईकवर नसलेला आवाज दुसऱ्यात कुठून गळेल? तो हेडफोन टेबलावर ठेवून चहा प्यायला गेला. त्यानंतर या खोलीत यायचं झालं की तो दारातूनच बोलतो.

माझ्या हातून त्या दिवशी नियम मोडला. मी ते हं गाळले नाहीत, जिथले तिथे टाइप केले. मोजले तर तेहतीस भरले. डावीकडचा रकाना मात्र कोरा ठेवला.

त्याच संध्याकाळी लेकीचा फोन आला. "निघाले बाबा. बोला." मी बोलायला लागलो खरा, पण माझे कान तिच्या हं वर. एरवी तो मला गोड वाटायचा. तिचा हं शेवटी जरासा वर चढतो, पुढे काय झालं असं विचारल्यासारखा. त्या दिवशी मी मुद्दाम म्हटलं, "आज मी पडलो गं जिन्यावरून."

"हं."

"हात मोडला."

"हं."

"आणि घराला आग लागली आहे."

"हं... काय? काय म्हणालात बाबा? ट्रक होता पुढे, ओव्हरटेक करत होते."

मला राग तिचा आला नाही, स्वतःचा आला. चार वर्षं मला वाटत होतं की ती माझं ऐकते. ती ट्रककडे बघत होती, आणि बघायलाच हवं होतं. त्यातलं थोडं लक्ष काढून ती मला देत होती, म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून. आणि मी अधाशासारखं घेत होतो.

ती घरी आल्यावर मी सांगितलं, यापुढे गाडीतून फोन नाही. ती म्हणाली, "मग आपण बोलायचं कधी?" मी म्हटलं, जेवताना. ती हसली. "जेवताना तुम्ही 'वाढू का' याच्या पलीकडे जात नाही, बाबा." मी म्हटलं, शिकेन. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता कबूल केलं. अशी गुणी पोर होती.

अकरा दिवस फोन आला नाही. जेवताना आम्ही दोघांनीही प्रामाणिकपणे प्रयत्न केला. एकदा तिनं मला लिफ्टचा ब्रेक कसा लागतो ते चमचे मांडून समजावलं. मला काडीचंही कळलं नाही, पण मजा आली.

बाराव्या दिवशी ती फाईल तपासनीस बाईंकडून परत आली. लाल पेनानं शेरा मारलेला: 'हे हं गाळलेले का नाहीत? ठेवायचे असल्यास वक्ता कोण?' प्रश्न रास्तच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी समितीचं मतदान होतं, त्याआधी फाईल वर जायला हवी होती. म्हणून मी थांबलो. साडेपाचला ट्यूब बंद झाली. मी हा दिवा लावला, हेडफोन चढवला आणि पेडल दाबलं. ठरवलं होतं की निमूटपणे तेहतीसही हं खोडायचे आणि घरी जायचं.

बाई म्हणाल्या, मी ग्रंथपाल होते.

हं.

मी टाच दाबली. पाच सेकंद मागे. मी ग्रंथपाल होते. हं. पुन्हा मागे. पुन्हा. किती वेळा कुणास ठाऊक. तो आवाज आता तरण्या पुरुषाचा नव्हता. तरुण मुलीचा होता, आणि शेवटी जरासा वर चढत होता.

मी पुढे गेलो. माझा मुलगा माल पोचवायचा. हं. सगळीकडे तीच. चौदा दिवसांपूर्वीचं रेकॉर्डिंग, तारीख पट्टीवर छापलेली. माझी लेक त्या सभागृहात आयुष्यात कधी गेलेली नाही.

घड्याळात सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. म्हणजे ती बायपासवर होती.

आता पुढची दोन मिनिटं नीट ऐका, कारण मी रोज तीच मोजतो. फोन माझ्यासमोर होता. तिला सावध करायला माझ्याकडे दुसरं काहीही नव्हतं. आणि तिला जे करू नकोस म्हणून मी हात जोडले होते, तेच मला तिच्याकडून करवून घ्यावं लागणार होतं. फोन न करावा, तर काही झाल्यावर मी जन्मभर स्वतःला म्हणणार की कळलं होतं आणि हात बांधून बसलास. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ती ही. मी स्वतःला म्हटलं, एकच वाक्य बोलायचं. गाडी बाजूला घे. तीन शब्द. त्याला कितीसा वेळ लागतो?

सहा बाराला मी फोन लावला. तिनं लगेच घेतला. तेवढ्या दिवसांत मी एकदाही फोन केला नव्हता, म्हणून घाबरली असेल. म्हणाली, "बाबा? तुम्हीच ना म्हणालात की गाडीत..."

वाक्य तिथेच राहिलं. आवाज वगैरे काही आला नाही. मला वाटलं, रेंज गेली.

"ऐकू येतंय का गं?" मी म्हणालो. "गाडी बाजूला घे. आधी बाजूला घे."

"हं."

"घेतलीस?"

"हं."

"थांबलीस ना? इंजिन बंद केलंस?"

"हं."

मी या खुर्चीत मागे टेकलो. खुर्ची कलली तशी मीही कललो आणि एकटाच हसलो. सुटलो, असं वाटलं. माझी पोर रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून बसली आहे, हात मांडीवर आहेत आणि समोर ट्रक नाही. आता ती खरंच माझं ऐकू शकते. मग मी बोलत सुटलो. ग्रंथपाल बाईंचं सगळं सांगितलं. तिच्या आईच्या शेवटच्या दिवसांतलं, जे तिला कधी सांगितलं नव्हतं, ते सांगितलं. आईनं तिच्यासाठी काय निरोप ठेवला होता तेही. प्रत्येक वाक्याला ती हं म्हणत होती, अगदी वेळेवर, आणि त्यात लक्ष होतं. इतकं लक्ष तिनं मला कधी दिलं नव्हतं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं बोलणं ते, आजही तसंच म्हणतो.

मध्येच फोनमध्ये टुक टुक व्हायला लागलं. दुसरा कुणीतरी फोन करत होता. अनोळखी नंबर. मी तो घेतला नाही. थोड्या वेळानं पुन्हा तेच, तोच नंबर. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिच्या बाजूनं रस्त्याचा आवाज येत नाही. बायपासच्या कडेला संध्याकाळी सहाला उभं राहिलं तर एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही, इतक्या गाड्या असतात. इथे काहीच नव्हतं. घर बंद करून गावाला जाताना शेवटचं कान देऊन ऐकतो ना आपण, तसं निवांत.

मला तेव्हाच कळलं. पण मी बोलणं थांबवलं नाही. उलट भरभर बोलायला लागलो. काहीही. भाजी काय आणली, कुणाचं लग्न ठरलं. वाक्यं लहान लहान करत गेलो, म्हणजे हं जास्त येतील.

पुढचं कागदोपत्री आहे. तो अनोळखी नंबर पोलिसांचा होता. धडक सहा बाराला, मागून आलेल्या टँकरची. माझा फोन घेताना तिच्या गाडीचा वेग एकदम कमी झाला, असं टँकरवाला म्हणाला, आणि तो खोटं बोलला असेल असं मला वाटत नाही. तिचा फोन पोलिसांनी पिशवीत घालून दिला, त्याचे चार तुकडे होते. माझ्या फोनमध्ये मात्र त्या बोलण्याची नोंद अडतीस मिनिटांची आहे. फौजदारांनी ती दोनदा पाहिली आणि फोन मला परत केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मतदान झालं. पाच विरुद्ध चार. स्पीकरवरून बोलायला परवानगी राहिली. मी ते नंतर वाचलं.

दहाव्या दिवशी ग्रंथपाल बाई घरी आल्या. त्यांना कुणी सांगितलं ठाऊक नाही. आल्या, बसल्या, पाणीसुद्धा घेतलं नाही. सांत्वनाचं एक अक्षर बोलल्या नाहीत, ते बरं वाटलं. त्यांनी एकच विचारलं.

"फोन कुणी ठेवला?"

मी म्हटलं, "आपोआप कटला."

"माझी बॅटरी संपली," त्या म्हणाल्या. "नाहीतर मी ठेवला नसता." आणि गेल्या.

मी त्यांच्याशी खोटं बोललो. पोलिसांना तर सांगितलंच नाही. तुम्हाला सांगतो, कारण उद्यापासून या खोलीत तुम्ही बसणार. तो अनोळखी नंबर तिसऱ्यांदा टुक टुक करत होता. सहा पन्नास झाले होते, माझा घसा कोरडा पडला होता, आणि बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. रोज फोन संपवताना मी जे विचारायचो, तेच सवयीनं तोंडातून गेलं.

"ठेवू का मग?"

या प्रश्नाला ती नेहमी हं म्हणायची आणि मी ठेवायचो. त्या दिवशी आधी काहीच आलं नाही. मग अगदी जवळून, माझ्या कानाशी टेकल्यासारखं...

"अंहं."

तो अनोळखी नंबर वाजतच होता. मी ठेवला.